गळ्यातला आवाज रोजीरोटी देईल काय?



एरवी आपण कपाशीवरची बोंडअळी, मोसंबीचा बहार, तुरीवरचा मर रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. घनसावंगी तालुक्यात गावोगावच्या बैठका घेताना शेतीचे प्रश्न संपले, की एखादी माउली हळूच पुढे येते आणि विचारते, "साहेब, पोरीचा आवाज लई चांगलाय. शाळेत 26 जानेवारीला सगळं तीच बोलती. टीव्हीत, रेडिओत आवाज देत्यात म्हणं, त्याचं कसं असतं?" तर कोणा बापाला वेगळीच काळजी असते. पोरगा मोबाईलवर दिवसभर नटांचे आवाज काढतो, मुंबईला जायचे म्हणतो, आणि त्यासाठी पैसे मागतो. त्याला होय म्हणावे की नाही?

प्रश्न दोन्ही रास्त आहेत. ज्या घरात कापसाच्या पैशावर वर्षाचा संसार चालतो, त्या घरात मुलाच्या हौसेसाठी दिलेली रक्कम लहान नसते. आणि मुलाच्या अंगी खरोखर गुण असेल, तर तो केवळ माहिती नाही म्हणून वाया जाणे हेही नुकसानच आहे. म्हणून या धंद्याची बारकाईने माहिती करून घेऊ.

चेहरा नाही, फक्त आवाज

1988 साली दूरदर्शनवर महाभारत सुरू झाले, तेव्हा गावात एक टीव्ही आणि समोर सारे गाव, अशी स्थिती होती. त्यातला 'समय' तुमच्यापैकी कित्येकांना आजही आठवत असेल. तो आवाज हरीश भिमानी यांचा. त्यांचा चेहरा किती जणांना ठाऊक आहे? फारच थोड्यांना. पण आवाज घराघरांत पोहोचला.

त्याच्याही आधी, आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर 'प्रपंच' आणि पुढे 'पुन्हा प्रपंच' नावाची श्रुतिका लागत असे. पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी अशी तीन माणसे घरातल्या साध्या गोष्टी बोलत आणि बोलता बोलता चार शहाणपणाच्या गोष्टी सांगून जात. बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे ते तीन कलाकार. श्रोत्यांना ती घरचीच माणसे वाटत. हे आवाजाचे सामर्थ्य आहे.

आता अलीकडचे पाहा. 2015 आणि 2017 साली आलेले बाहुबलीचे दोन भाग तुमच्या मुलांनी हिंदीतून पाहिले असतील. त्यात प्रभास या नटाच्या तोंडी जो हिंदी आवाज आहे, तो शरद केळकर यांचा. 2021 साली आलेल्या पुष्पा चित्रपटात अल्लू अर्जुनला हिंदी आवाज दिला तो श्रेयस तळपदे या आपल्या मराठी नटाने. लहान मुले पाहतात त्या निंजा हातोरी या व्यंगचित्र मालिकेतला हिंदी आवाज मेघना एरंडे या मराठी अभिनेत्रीचा आहे. म्हणजे हे काम आहे, त्याला मागणी आहे, आणि मराठी माणसे ते करीत आहेत.

शरद केळकर यांची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. बोलताना आपण अडखळत असू, असे त्यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितले आहे. श्वासावर आणि शब्दांवर मेहनत घेऊन त्यांनी ती अडचण दूर केली. तेव्हा देवाने गळा दिला नाही म्हणून कोणी हिरमुसून बसू नये. जमीन हलकी असली तरी मशागतीने पीक येते. मात्र मशागत करावी लागते.

शेतकऱ्याचे आणि आवाजाचे नाते जुने

आवाजाच्या कामाचा आणि शेतीचा संबंध काय, असे कोणी विचारील. फार जवळचा आहे. 1956 साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने एक प्रयोग केला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या भागांतल्या दीडशे गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापली. आठवड्यातून दोनदा, असे वीस कार्यक्रम झाले. ऐका, चर्चा करा आणि कृती करा, असे त्याचे सूत्र होते. प्रयोग इतका यशस्वी झाला, की पुढे देशात इतरत्र अशी मंडळे निघाली. 1966 साली आकाशवाणीने शेती आणि गृह विभाग सुरू केले. तमिळनाडूत तंजावरकडे एडीटी-27 नावाचा भाताचा वाण रेडिओवरून इतका पसरला, की लोक त्याला 'रेडिओ भात' म्हणू लागले!

एका नव्या वाणावर शेतकऱ्याने विश्वास ठेवला तो कोणाच्या तरी आवाजामुळे. माझ्या नोकरीत मी हेच पाहत आलो. माहिती तीच असते, पण एकाने सांगितली तर बैठक पेंगते आणि दुसऱ्याने सांगितली तर लोक वहीत लिहून घेतात.

आपला हा मुलूख तर वाणीचाच आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब आपल्याच तालुक्यात. मनाचे श्लोक मोठ्याने म्हणण्याची रीत अजूनही घराघरांत आहे. शेजारी पैठण, नाथांची भूमी. नाथांच्या भारुडात एकच माणूस कधी विंचू चावलेला होतो, कधी जोशी होतो, कधी वासुदेव होतो. आजच्या भाषेत त्यालाच आवाजाचा अभिनय म्हणतात. कीर्तनकार, गोंधळी, शाहीर, दवंडी देणारा, हे सारे याच विद्येचे उपासक. आपली मुले परक्या अंगणात जात नाहीत, हे ध्यानात ठेवा.

आपल्या बोलीची लाज नको

अनेक मुले पहिल्याच पायरीवर कचरतात. "आम्ही 'काहून' म्हणतो, 'लई' म्हणतो, शहरात हसतील," असे त्यांना वाटते. याचे उत्तर नीट समजून घ्या.

बातम्या वाचायच्या तर प्रमाण मराठी स्वच्छ आलीच पाहिजे. पण नाटकात, चित्रपटात, जाहिरातीत आणि शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात बोली बोलणारा माणूसही लागतो, आणि शहरी कलाकाराला ती ओढूनताणून आणावी लागते. तुमच्या मुलाकडे ती जन्मजात आहे. तेव्हा बोली टाकायची नाही, तिच्या जोडीला प्रमाण भाषा शिकायची. घरचे बी राखून ठेवावे आणि सुधारित वाणही लावावा, तसेच हे.

प्रमाण भाषेसाठी काही उच्चार घोटावे लागतात. 'मन' आणि 'मण', 'वेल' आणि 'वेळ', 'काल' आणि 'काळ' यांतला फरक ऐकणाऱ्याला कळला पाहिजे. 'च' आणि 'ज' यांचे तर मराठीत दोन दोन उच्चार आहेत. 'चार'मधला च वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा. 'हे जग' यातला ज वेगळा आणि 'सुखाने जग' यातला ज वेगळा. लिहिताना अक्षर एक, बोलताना दोन. मराठी न येणारा माणूस इथेच पकडला जातो.

घरच्या घरी मशागत

आता प्रत्यक्ष कृती. यासाठी एक पैसाही लागत नाही.

पहिली गोष्ट श्वासाची. पाठ टेकून झोपावे, पोटावर हात ठेवावा आणि श्वास घेताना पोट वर येते काय ते पाहावे. छातीतला श्वास लवकर संपतो, पोटातला टिकतो. रोज दहा मिनिटे हे करावे. मग उभे राहून एका श्वासात सावकाश अंक मोजावेत. आज पंधरापर्यंत गेलात तर महिन्याभराने पुढे जाल.

दुसरी गोष्ट मोठ्याने वाचण्याची. रोज वीस मिनिटे वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. घरातल्या आजी-आजोबांना वाचून दाखवले तर उत्तमच. त्यांना बातमी कळली नाही, तर दोष त्यांच्या कानांचा नाही, आपल्या वाचण्याचा आहे असे समजावे. कागदावर जिथे थांबायचे तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारावी आणि जोर द्यायच्या शब्दाखाली आडवी.

तिसरी गोष्ट अर्थाची. हे वाक्य घ्या: "उद्या सकाळी आठ वाजता ग्रामपंचायतीसमोर जनावरांना लाळ्या-खुरकुताची लस टोचली जाईल." एकदा 'उद्या'वर जोर देऊन म्हणा. मग 'आठ'वर, मग 'ग्रामपंचायतीसमोर'वर. प्रत्येक वेळी सांगण्याचा मुद्दा बदलतो. नंतर हेच वाक्य दवंडी दिल्यासारखे म्हणा, मग पशुवैद्यकाने समजावल्यासारखे, मग ज्याचा बैल कालच आजारी पडला अशा म्हाताऱ्यासारखे. शब्द एकही बदलायचा नाही. हे जमले, की अभिनयाची सुरुवात झाली. नुसत्या नकला म्हणजे अभिनय नव्हे. अमक्या नटाचा आवाज काढणाऱ्याला लोक दोनदा टाळ्या देतात. पण काम मिळते ते स्वतःच्या आवाजात खरे बोलणाऱ्याला.

चौथी गोष्ट ऐकण्याची. मोबाईलवर स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून ऐकावे. पहिल्यांदा आपलाच आवाज परका वाटतो. तसा तो सर्वांनाच वाटतो, कारण बोलताना आपण आपला आवाज हाडांतूनही ऐकत असतो. मोबाईल किंवा माईक तोंडापासून साधारण एक वीत दूर आणि किंचित बाजूला धरावा, म्हणजे 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा धक्का बसत नाही. पंखा बंद ठेवावा. मोकळ्या खोलीत आवाज घुमतो. कापसाने भरलेल्या खोलीत तो घुमत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण कापसाची धूळ घशाला वाईट. त्याऐवजी छोट्या खोलीत दोन बाजूंना गोधड्या टांगाव्यात. सुरुवातीला तेवढे पुरे. महागडा माईक आणण्याची घाई करू नये.

पाचवी गोष्ट गळ्याच्या निगेची. तंबाखू, गुटखा, विडी वर्ज्य. पाणी वरचेवर प्यावे. उगाच ओरडू नये. फवारणी करताना तोंडाला मास्क हवाच. तो तर आवाजाचे काम न करणाऱ्यानेही बांधला पाहिजे. आवाज बसला आणि तीन आठवड्यांत सुधारला नाही, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. तेरा-चौदा वर्षांच्या सुमारास मुलांचा आवाज फुटतो. त्या काळात त्याच्यावर ताण देऊ नये आणि निराशही होऊ नये.

पहिली दारे जवळच असतात

मुंबईची गाडी पकडण्याआधी जवळची दारे वाजवा. शाळा-कॉलेजच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन, गणेश मंडळाचे निवेदन, लग्नसमारंभाचे निवेदन, गावच्या दुकानाची किंवा आठवडी बाजाराची रिक्षावरून फिरणारी जाहिरात ध्वनिमुद्रित करणे, ही सारी आवाजाचीच कामे आहेत. यांतून चार पैसेही मिळतात आणि लोकांसमोर भीडही मोडते. कॉलेजातील मुलांनी युवक महोत्सवात आणि एकांकिकांत भाग घ्यावा. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्राचा विभाग आहे. शिकायचेच असेल तर आपल्या मुलांना ते दार लांबचे नाही.

दुसरे दार आकाशवाणीचे. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर, परभणी, नांदेड, बीड आणि धाराशिव इथे तिची केंद्रे आहेत. शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात अनुभवी शेतकऱ्यांना, बचत गटातल्या महिलांना बोलावले जाते. तुमच्या शेतीत सांगण्याजोगे काही असेल, तर केंद्राला पत्र लिहा किंवा खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रातल्या तज्ज्ञांशी बोला. माईकसमोर बसण्याचा पहिला अनुभव असाही मिळतो.

उद्घोषक म्हणून काम करायचे असेल तर रीत वेगळी आहे. आकाशवाणी केंद्रे नैमित्तिक उद्घोषकांसाठी वेळोवेळी जाहिरात काढतात. बहुधा पदवी मागतात. लेखी परीक्षा, आवाजाची चाचणी आणि मुलाखत होते. निवड झालेल्यांना 'वाणी' नावाचे प्रशिक्षण घ्यावे लागते. मात्र ही कायमची नोकरी नव्हे. महिन्यातून मोजक्याच पाळ्या मिळतात. नाटकासाठी आवाजाची चाचणी स्वतंत्र असते आणि त्यात उतरलेल्या कलाकारांना श्रेणी दिली जाते.

तिसरे दार सामुदायिक रेडिओचे. 2006 सालापासून स्वयंसेवी संस्था, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही अशी केंद्रे काढण्याची परवानगी मिळाली. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात, म्हसवडला, 2008 साली माणदेशी तरंग वाहिनी सुरू झाली. त्याच वर्षी तेलंगणात जहीराबादजवळ माचनूर इथे संघम रेडिओ सुरू झाला. तो दलित शेतकरी महिला चालवतात. कोरडवाहू शेतातून येऊन त्या माईकसमोर बसतात आणि बियाण्यांवर, पिकांवर आपल्या भाषेत बोलतात. आपल्या लेकीसुनांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

मुंबईचे काम कसे चालते?

चित्रपटाला दुसऱ्या भाषेत आवाज देणे याला डबिंग म्हणतात. कलाकार बंद खोलीत माईकसमोर उभा राहतो. समोर पडद्यावर चित्र चालते, कानांत मूळ भाषेतला आवाज येतो आणि हातात भाषांतरित संवाद असतो. पडद्यावरच्या नटाचे ओठ जितका वेळ हलतात, तितक्याच वेळात आपले वाक्य बसवायचे. शिवाय त्याचे रडणे, धापा टाकणे, हसणे हेही आपणच करायचे. एका ओळीसाठी पाच-पाच वेळा उभे राहावे लागते.

नवख्याला पहिल्याच दिवशी नायकाचे काम मिळत नाही. गर्दीतले आवाज, एखादे-दुसरे वाक्य, अशी सुरुवात होते. डबिंगखेरीज जाहिराती, माहितीपट, ऐकण्याची पुस्तके, व्यंगचित्रे यांनाही आवाज लागतो. यासाठी नमुना तयार ठेवावा लागतो. तो मिनिटभराचा, फार तर दीड मिनिटाचा असावा. त्यात बातमी, जाहिरात, गोष्ट आणि बोलीतला एक संवाद, असे तीन-चार तुकडे असावेत. मागे संगीत नको. ऐकणारा पहिल्या काही क्षणांतच मत बनवतो. म्हणून सर्वांत चांगला तुकडा आधी ठेवावा.

इथे सावध राहा

मध्यंतरी एक तरुण मोबाईलवरचा निरोप घेऊन माझ्याकडे आला. 'तुमचा आवाज निवडला गेला आहे, नोंदणीसाठी पैसे भरा,' असे त्यात होते. मी त्याला एवढेच विचारले, "तुझा आवाज त्यांनी ऐकला कधी?" त्याने नमुना पाठवलाच नव्हता! पैसे वाचले. पण सर्वांचेच वाचत नाहीत.

नियम सोपा आहे. काम देणारा मजुरी देतो, मजुराकडून पैसे घेत नाही. निवडीसाठी, ओळखपत्रासाठी, 'मोठ्या चित्रपटातल्या जागेसाठी' कोणी रक्कम मागितली, तर तिथेच थांबावे. सरकारी भरतीत अर्जाचे शुल्क असू शकते. पण ते जाहिरातीत छापलेले असते आणि त्याची पावती मिळते. शिकवणीवर्गाला फी असते. पण वर्ग म्हणजे काम नव्हे. फी भरण्याआधी तिथे शिकून गेलेल्या दोघांना भेटावे. मुलीला चाचणीसाठी शहरात बोलावले, तर घरचे माणूस सोबत जावे, आणि चाचणी कामाच्या जागी, दिवसाउजेडी असावी.

आणखी एक नवी गोष्ट आहे. आता संगणक माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करू शकतो. 2024 साली मुंबई उच्च न्यायालयाने गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची अशी नक्कल विनापरवाना वापरण्यास मनाई केली. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वी आपला आवाज कुठे, किती काळ वापरणार आणि त्यावरून संगणकी आवाज बनवणार काय, हे विचारून घ्यावे. सातबारा न वाचता आपण जमिनीचा व्यवहार करीत नाही. आवाजाचाही करू नये. या यंत्रामुळे साधी, ठरावीक कामे कमी होऊ लागली आहेत, हेही मुलांना स्पष्ट सांगा. टिकणार आहे तो ज्याच्या बोलण्यात जीव आहे तो.

आईबापांना दोन शब्द

नवीन वाण आला तर आपण सारे शेत त्यावर लावत नाही. आधी दोन गुंठ्यांत पेरून पाहतो. इथेही तेच करा. शिक्षण सोडू देऊ नका. जमीन विकून किंवा गहाण ठेवून मुलाला मुंबईला पाठवू नका. एक वर्ष घरी राहून रोजची मशागत करू द्या. जो वर्षभर रोज अर्धा तास न चुकता वाचतो, त्याच्यात धीर आहे असे समजा. महिनाभरात कंटाळला, तर एक पैसाही न गमावता उत्तर मिळाले. धीर दिसला तर मग ठरावीक रक्कम आणि ठरावीक मुदत घालून पुढचे पाऊल टाका. रक्कम किती, हे घरात सर्वांसमोर बसून ठरवा.

आणि मुलगी बोलते म्हणून तिला गप्प करू नका. "पोरीच्या जातीला एवढा आवाज बरा नव्हे," असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. तोच आवाज उद्या तिला उद्घोषक करील, शिक्षिका करील, वकील करील, नाहीतर ग्रामसभेत गावाच्या पाण्याचा प्रश्न ठणकावून मांडायला लावील. यातले काहीही झाले तरी घराचा फायदाच आहे. मोठ्याने, स्वच्छ आणि अर्थ समजून वाचण्याची सवय कधी वाया जात नाही.

तेव्हा आज रात्री जेवणे झाल्यावर मुलांना जवळ बसवा आणि हाच लेख मोठ्याने वाचायला सांगा. कोण कुठे अडखळतो, कोणाचे ऐकावेसे वाटते, ते तुमचे तुम्हालाच कळेल.